टिटवी डावीकडे ओढते

धाकट्याने पितळेचा फ्लोट कानाशी धरून हलवला. आत काहीतरी डुचमळलं. त्याने पुन्हा हलवून खात्री करून घेतली आणि स्टुलावर बसलेल्या दादाच्या कानाशी तो नेला.

“ऐक.”

दादाने डोळे मिटले. पेरूएवढी ती पितळी डबी कानाशी हलत असताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“आत पेट्रोल शिरलंय.”

“मग तरंगणार कसा? फ्लोट बुडून बसतो, कार्बोरेटरचं तोंड उघडंच राहतं आणि इंजिनात पेट्रोलचा नुसता पूर येतो. म्हणून चढावर खोकत होती.”

“आणि मी आपला प्लग प्लग करत होतो.”

“तू दरवेळी प्लगच म्हणतोस. मला सवय आहे.”

धाकट्याने फ्लोट उकळत्या पाण्यात बुडवला. सांध्यापाशी बारीक बुडबुड्यांची रांग सुटली. केसाएवढी चीर होती, पण तिने दोघांच्या नाकी नऊ आणले होते. चिरेवर डाग देताना धाकट्याला बरं वाटलं, मात्र मनापासून नाही. इंजिनाचं दुखणं आज ना उद्या सापडणार हे त्याला ठाऊकच होतं. इंजिन खोकतं, धूर सोडतं, गरम होतं. कुठे दुखतंय ते सांगून मोकळं होतं. त्याची झोप उडवली होती ती दुसऱ्याच दुखण्याने, आणि ते दुखणं मुकं होतं. टिटवी डावीकडे ओढत होती.

टिटवी म्हणजे त्यांची दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला चिकटून पळणारी जुनी स्पोर्ट्स कार. नाव दादाने ठेवलेलं. अंगाने एवढीशी आणि ओरडणं मात्र चार आळ्या पलीकडे ऐकू जाणारं. दोघं भाऊ तरुण असताना एका भंगारवाल्याच्या अंगणात, गवतात रुतलेली त्यांना ती सापडली होती. तेव्हापासून कुणी तोंडाने न ठरवलेली एक वाटणी दोघांत चालत आली होती: चालवणं दादाचं, उघडणं धाकट्याचं. दादा फेरी मारून यायचा आणि सांगायचा, वळणावर मागची बाजू सुटते, ब्रेक उशिरा धरतो, तिसऱ्या गिअरला कण्हते. तो सांगेल ते धाकटा शोधून काढायचा. गॅरेजच्या दारातून आतबाहेर करण्यापलीकडे त्याने स्वतः टिटवी कधी चालवली नव्हती. ओळखीचे लोक चिडवायचे, रांधायचं आणि जेवायचं नाही, हा कुठला न्याय? धाकटा म्हणायचा, मला वास पुरतो.

खरं कारण वेगळं होतं. दादाने आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलं होतं. म्हणजे आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून, दुसऱ्यांच्या चुका सोसल्या होत्या. स्टिअरिंगमागे बसायचं सुख त्याला या एकाच गाडीत मिळालं होतं. त्यातला घासभरही वाटा मागावा असं धाकट्याला कधी वाटलं नाही. शिवाय दादाचं सांगणं कधी चुकत नसे. एवढा नेमका बोलणारा चालक हाताशी असताना स्वतः चालवून बघायची गरज काय?

दरवर्षी जुन्या गाड्यांची मंडळी एका रविवारी घाट चढून जात, वर चहा पीत आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत. तो रविवार आता तोंडावर आला होता. वहिनींना शेजारी बसवून जाणारा दादा एकही वर्ष चुकला नव्हता, आणि निवृत्त झाल्यापासून तर वर्षातला तो एकच दिवस असा होता ज्याची तो वाट पाहायचा.

फ्लोट बसवून झाला. दादा स्टिअरिंगमागे बसला, धाकटा शेजारी. विटांच्या कारखान्यामागे एक लांब, सपाट, रिकामा रस्ता होता. टिटवीची सगळी तपासणी तिथेच व्हायची. तिथे जायच्या वाटेवरचा चढ संपेपर्यंत इंजिनाने हूं की चूं केलं नाही. दादाने मान डोलावली. तिसरा गिअर टाकताना मात्र दात घासल्याचा आवाज झाला.

“गिअरही हल्ली कुरकुरतो.”

“बघतो,” धाकटा म्हणाला.

सरळ रस्ता लागला. गाडी थोडा वेळ नीट चालली. मग तिचं नाक हळूच डावीकडे वळायला लागलं, कडेच्या खडीकडे. दादाने तिला ओढून मधे आणलं. ती पुन्हा निघाली.

“दिसतंय ना?”

“दिसतंय.”

“मी काही करत नाहीये. आपणहून जाते.”

धाकट्याने मनातल्या मनात पुन्हा यादी चाळली. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं बदलून झाली होती. पुढच्या चाकांचे बेअरिंग, बुश, स्प्रिंगा, डावीकडचा ब्रेक अडकतोय का म्हणून अख्खा ब्रेक, सगळं बदलून झालं होतं. टायर इकडचे तिकडे करून झाले होते. प्रत्येक वेळी दादा फेरी मारून यायचा, फाटकाशी वहिनी विचारायच्या, “ओढली?” आणि दादा हो म्हणून मान हलवायचा. त्या मान हलवण्याची धाकट्याने आता धास्ती घेतली होती. एवढ्या वर्षांत टिटवीने त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं.

परतल्यावर दादा उतरला आणि डावा खांदा चोळत उभा राहिला.

“धरून धरून हात भरून येतो रे. सारखी सरळ ठेवायची म्हणजे खांद्याचं काम होतं.”

“रविवारच्या आत करतो.”

“नाही झालं तर राहू दे. नाही गेलो एक वर्ष तर काय आभाळ कोसळणार नाही.”

हे तो समजूत काढायला म्हणाला होता. धाकट्याला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुढची बाजू पुन्हा उघडली. गाडीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणून बांधल्या आणि चाकांची अंतरं मोजली. वर, खाली, पुढे, मागे. पुन्हा मोजली. चाकांचा कल मोजला. मग चौकटच वाकली असेल या शेवटच्या आशेने तिचे कर्ण मोजले. कुठेही दोष नव्हता. इतकी बिनचूक जुळलेली गाडी त्याने स्वतःच्या हाताने कधी जुळवली नव्हती. पट्टी खिशात घालून तो फरशीवर बसून राहिला. आपल्याला आता काही येत नाही, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला आणि आला तो तिथेच ठाण मांडून बसला. वय झालं म्हणावं, तर कालच फ्लोटमधलं पेट्रोल ऐकू आलं होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या.

“दादा कुठाय?”

“झोपलेत. हल्ली दुपारी पडले की त्यांना उठवत नाही.” त्यांनी कप बाकावर ठेवला. “सापडलं काही?”

“काहीच नाही, वहिनी. हात टेकले मी.”

“तुम्ही असं म्हणू नका हो, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, आणि त्या इतक्या कळवळून म्हणाल्या की धाकट्याने मान वर करून पाहिलं. पण त्या वळून निघाल्या होत्या.

चहा तसाच निवला. धाकटा उठला, दोऱ्या सोडल्या, चाकं चढवली आणि कधी केलं नव्हतं ते केलं. किल्ली लावून, टिटवी एकट्याने फाटकाबाहेर काढली.

स्टिअरिंग त्याच्या अंदाजापेक्षा हलकं होतं. चोरून काही खाताना होतं तसं त्याला झालं होतं. कुणी बघतंय का म्हणून त्याने दोनदा मागे पाहिलं. कारखान्यामागे रस्ता सरळ झाला. त्याने वेग धरला, खांदे सैल सोडले आणि गाडी डावीकडे जायची वाट पाहू लागला.

ती गेली नाही.

त्याने पकड ढिली केली. मग बोटं उचलली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले. टिटवी पुढे पाहत, शहाण्या पोरीसारखी मधोमध पळत राहिली. रस्त्याचा उतार असेल म्हणून त्याने टोकाला गाडी फिरवली आणि उलटा आला. तेच. तिसरा गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. लोण्यात सुरी जावी तसा तो पडत होता.

त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली.

पहिल्यांदा त्याला वाटला तो आनंद होता. आपलं चुकलं नव्हतं, गाडी ठीक होती. तो आनंद किती वेळ टिकला कोण जाणे, पण तेवढ्याचीही त्याला पुढे लाज वाटत राहिली. कारण गाडी ठीक होती, तर मग काय ठीक नव्हतं, हा प्रश्न लगेच शेजारच्या सीटवर येऊन बसला. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो. स्टिअरिंगवर डावा हात नुसता लोंबकळत ठेवला तर त्याच्या वजनाने चाक डावीकडेच फिरणार. हे कळायला काही शिक्षण लागत नव्हतं. मागच्या महिन्यात दादाच्या हातून स्क्रूचा डबा सांडला होता आणि दोघंही हसले होते. शर्टाची डावी बाही हल्ली तो दुमडत नसे, तशीच सोडायचा. धाकट्याने टिटवीचा सांधान्‌सांधा मोजला होता. ज्याच्या शब्दावर विसंबून मोजला, त्याच्याकडे एकदा नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. साठीला टेकलेला माणूस, भर दुपारी, विटांच्या कारखान्यामागे. एक सायकलवाला वेग कमी करून बघून गेला.

घरी येईपर्यंत सांगायचं ठरलं होतं. फाटकाशी दादा उभा होता, नुकता उठलेला, केस विस्कटलेले. टिटवी धाकट्याच्या हातात पाहून तो रागावला नाही. फक्त त्याचा चेहरा पडला.

“तुलाही ओढली?”

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेले शब्द त्याने गिळले.

“थोडी,” तो म्हणाला. “आता कळलं कुठे आहे ते. उद्या सकाळी देतो.”

संध्याकाळी गॅरेजचं दार लोटून घेऊन त्याने ते काम केलं. पुढच्या चाकाचा कल ठरवायला आतल्या बाजूला पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, गॅरेजात त्यांना शिम म्हणतात. त्याने उजव्या बाजूच्या शिम काढून दुसऱ्या बसवल्या. उजवं चाक वरून किंचित बाहेर कललं, डोळ्याला कळणारही नाही इतकं. त्या टायरची हवा थोडी उतरवली. आता टिटवी खरोखरच ओढणार होती, उजवीकडे, दादाचा हात जेवढी डावीकडे ओढत होता साधारण तेवढीच. आयुष्यभर वाकडं ते सरळ केलेल्या माणसाने सरळ गाडी बसून वाकडी केली. काम सफाईदार झालं. रविवार होऊ दे, तो स्वतःला सांगत होता. एक रविवार त्याला मिळू दे, मग बघू. आणि मग काय बघायचं, ते मात्र तो स्वतःला विचारत नव्हता.

शनिवारी सकाळी दादाने गाडी काढली. धाकटा शेजारी बसला आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे न पाहता दादाच्या डाव्या हाताकडे पाहत राहिला. हात स्टिअरिंगवर होता, पण बोटं मिटलेली नव्हती. कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा तो पडला होता. रस्ता सरळ झाला आणि टिटवी सरळ गेली. टोकाशी पोचल्यावर दादाने गाडी थांबवली.

“गेली की रे.”

“हं.”

“काय होतं?”

“शिम. उजव्या बाजूची एक चुकीची पडली होती.”

“शिम?” दादाने भुवया उंचावल्या. “ती तर तू पहिल्या दिवशीच बघायला हवी होतीस.”

“सुटली नजरेतून.”

दादा त्याच्याकडे पाहत राहिला. मग हसला आणि उजव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर एक थाप मारली.

“म्हातारा झालास, बारक्या.”

घरी आल्या आल्या दादा आत गेला आणि फोनवर एकेकाला सांगायला लागला. गॅरेजपर्यंत त्याचा आवाज येत होता. झाली म्हणून सांगतोय ना, उद्या सगळ्यांच्या पुढे असेन, धूळ खायची तयारी ठेवा. धाकटा हत्यारं पुसत बसला होता. पुसलेली हत्यारं तो पुन्हा पुसत होता.

वहिनी आल्या त्या जवळजवळ धावतच. डोळे भरलेले आणि तोंडावर हसू.

“भाऊजी, तुम्हाला काय सांगू. जीव भांड्यात पडला माझा.”

“का, काय झालं?”

“आता सांगते, आता काही हरकत नाही.” त्या स्टुलावर बसल्या. “मी सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे यांचं नाव घातलंय. कुणाला बोलले नव्हते. यांनाही नाही. डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहते, यांना कळतसुद्धा नाही. कप सुटतो हातातून. मी विचारलं की म्हणायचे, अगं ती गाडी ओढते, धरून धरून हात बधिर होतो. मी म्हणायची, देवा, गाडीच असू दे. तुम्ही इतक्या वेळा उघडली आणि सापडेना, तेव्हा मी हायच खाल्ली. शेवटी नाव घातलं. आणि आज बघा.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “गाडी सरळ झाली, आता हातही होईल. दवाखाना दुपारी बंद होतो, त्याआधी फोन करून सोमवारचं रद्द करून टाकते. उगाच त्यांच्या डोक्याला घोर कशाला?”

त्यांनी मोबाइल काढला होता. नंबर शोधत होत्या. धाकट्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. दादाच्या डोळ्यांत धूळ फेकली हे त्याला कळत होतं. पण ती आणखी कुणाच्या डोळ्यांत गेली असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“वहिनी, फोन थांबवा जरा.”

“का?”

“चला. एक फेरी मारून येऊ. तुम्ही चालवा.”

“मी? आत्ता? आणि यांनी पाहिलं म्हणजे?”

“तुम्ही चालवा,” धाकटा म्हणाला.

वहिनींना गाडी येत होती. लग्नाआधी त्या दादाच्याच क्लासात शिकायला आल्या होत्या. परवानाही मिळाला आणि मास्तरही मिळाला, अशी घरातली जुनी चेष्टा होती. त्यांनी पदर खोचला, आरसा नीट केला, दोन्ही हात शिकवलेल्या जागी ठेवले. वाटेत त्या बोलत होत्या. उद्या वर थंडी असेल, यांचा स्वेटर काढायला हवा, डब्यात काय न्यावं. विटांच्या कारखान्यामागे रस्ता सरळ झाला.

टिटवी उजवीकडे निघाली.

वहिनींनी तिला परत आणलं आणि बोलत राहिल्या. ती पुन्हा निघाली. त्यांनी पुन्हा आणलं. बोलणं थांबलं.

“भाऊजी, ही उजवीकडे जातेय.”

“हो.”

“पण मघाशी यांच्या हातात तर...”

वाक्य अर्धंच राहिलं. धाकट्याने समोर पाहत सांगून टाकलं, कारण त्यांच्याकडे पाहून त्याला ते सांगता आलं नसतं.

“मी तशी करून ठेवलीय, वहिनी. काल संध्याकाळपर्यंत गाडीत काही दोष नव्हता. दुपारी मी एकटा इथे घेऊन आलो, तेव्हा हात सोडले तरी सरळ जात होती. मग मी ती वाकडी केली. त्याच्या हाताला जुळेल अशी.”

वहिनींनी गाडी थांबवली नाही. वेग जरा उतरला, एवढंच. रस्ता संपत आला तरी त्या उजवीकडे जाणारं नाक पुन्हा पुन्हा मधे आणत होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात घट्ट मिटलेले होते.

“मला कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिला कप पडला तेव्हाच. पण ते गाडी म्हणाले आणि मी गाडीच धरून बसले.”

“माझं चुकलं.”

“आणि उद्या आम्हाला दोघांना यातून घाटात पाठवणार होतात?”

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि धाकट्याने ते दिलं.

“हो.”

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, टोकाला गाडी फिरवली आणि घराच्या दिशेने घेतली. परतीच्या रस्त्यात एकदाच बोलल्या.

“सोमवारी तुम्हीही या बरोबर. मला एकटीला ऐकायला जमणार नाही.”

“येतो.”

फाटकाशी दादा उभा होता. फोन करून करून तरतरीत झालेला. बायकोला स्टिअरिंगमागे पाहून त्याला गंमत वाटली.

“वा. आज मालकीणबाई का? काय, ओढली का?”

वहिनींनी इंजिन बंद केलं. उतरल्या. दादाने उजवा हात पुढे केला.

“आण किल्ली. आत लावतो.”

त्यांनी किल्ली दिली नाही. मुठीत धरून ठेवली.

“उद्या मी चालवणार आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शेजारी बसा.”

दादाचा हात तसाच पुढे राहिला. त्याने वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. मग गाडीतून अजून न उतरलेल्या धाकट्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. धाकट्याने मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव सुरू केली. क्लच जड झालाय, वहिनींची हौस आहे, एखाद्या वर्षी बदल म्हणून. एकही उत्तर धड नव्हतं. पण दादाने प्रश्नच विचारला नाही. त्याने हात मागे घेतला, खिशात घातला आणि टिटवीच्या नाकावरून सावकाश वळसा घालून तो डाव्या दाराशी आला. धाकटा घाईघाईने उतरून बाजूला झाला.

दादा सीटवर टेकला. मग खाली वाकून त्याने उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या पायाची पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरली, पाय उचलला आणि आत घेतला. ते त्याने इतक्या सहज केलं, की हे तो आज पहिल्यांदा करत नाही हे दोघांनाही कळलं. वहिनींनी तोंड फिरवलं.

दार त्याच्याच्याने ओढलं जाईना. धाकट्याने ते लावलं.

“बारक्या,” दादा समोर बघत म्हणाला.

“काय?”

“त्या शिम होत्या तशा करून टाक. तिच्या हाताला ओढेल.”

धाकटा आत गेला. पाना आणि जॅक घेऊन आला, उजव्या चाकाशी गुडघे टेकून बसला. गाडीत माणूस असताना जॅक लावायचा नाही, हे तो जन्मभर सगळ्यांना बजावत आला होता. दादा उतरला नाही, आणि धाकट्यानेही त्याला उतर म्हटलं नाही. त्याने जॅक टेकवला, आणि दादासकट टिटवी हळूहळू उचलायला लागला.